वाऱ्याची वाट

सुगी संपत आली, की खळ्यावर उफणणी सुरू होते. मळलेली ज्वारी सुपात घेऊन शेतकरी उंच तिवईवर उभा राहतो आणि सूप हळूहळू हलवीत धान्याची धार खाली सोडतो. जड दाणे सरळ खाली पडतात. हलका भुसा वाऱ्याबरोबर दूर जातो. यंत्रे आल्यापासून हे दृश्य विरळ झाले आहे. तथापि ज्यांनी ते पाहिले असेल, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. सूप हाती घेण्यापूर्वी शेतकरी चिमूटभर भुसा वर उडवतो आणि वारा कोठून कोठे वाहतो आहे ते पाहून घेतो. वारा जोराचा आहे, एवढ्याने त्याचे भागत नाही. वाऱ्याची दिशा न पाहता जो उफणू लागेल, त्याच्या डोळ्यांत भुसा जाईल आणि स्वच्छ झालेल्या धान्यावर तोच भुसा पुन्हा येऊन पडेल.

मुलांनो, खळ्यावरचे हे साधे शहाणपण तुमच्या शाळेतील संगणकाच्या पेटीतही तितकेच उपयोगी पडते, असे सांगितले तर तुम्हांस नवल वाटेल. मलाही एके काळी ते ठाऊक नव्हते. ते मला कसे कळले, आणि कळण्यापूर्वी माझ्या हातून काय चूक घडली, हेच आज तुम्हांस सांगावयाचे आहे.

२०१४ सालची गोष्ट. मी तेव्हा एका खेड्यातील शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळेत बरा म्हणावा असा एकच संगणक होता. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तो दिला होता. एप्रिलचे दिवस होते. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावरून भरावयाचे होते आणि मुदत संपावयास चारच दिवस उरले होते. नेमक्या त्याच वेळी आमचा संगणक रुसला. सकाळी तो नीट चाले. दुपारचे बारा वाजले, की त्याचे काम मंदावू लागे. आणि थोड्या वेळाने, अर्धा अर्ज भरून झालेला असताना, तो आपोआप बंद पडे. पुन्हा सुरू केला, की तीच कथा.

सातवीतील एक मुलगा त्या संगणकावर सर्वांत जास्त वेळ बसत असे. त्याने काही खेळ खेळून यंत्र बिघडवले असावे, असे माझ्या मनाने घेतले. मी त्याला बोलावून रागे भरलो आणि संगणकाच्या खोलीत पाऊल टाकावयाचे नाही, अशी ताकीद दिली. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, मी काही केले नाही. पण पूर्वी पेटीच्या मागे हात धरला, की गरम वारा लागायचा. आता तो लागत नाही.” मी त्याच्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. मुलाचे बोलणे म्हणजे केवळ सबब, असे मी समजलो.

दुसऱ्या दिवशी आमचा एक माजी विद्यार्थी तालुक्याच्या गावाहून आला. संगणक दुरुस्त करणे हाच त्याचा व्यवसाय होता. त्याने पेटीला हात लावण्यापूर्वी वहीच्या कागदाची एक अरुंद पट्टी फाडली आणि ती पेटीच्या मागच्या जाळीपुढे धरली. पट्टी जाळीला जाऊन चिकटली. तो हसला व म्हणाला, “सर, पट्टी बाहेर उडावयास हवी होती. ह्या यंत्राला दुसरा काहीएक रोग नाही. ह्याचा वारा उलटा वाहतो आहे.”

त्याचे म्हणणे नीट समजावयाचे, तर आधी संगणक मुळात तापतो का, ते पाहिले पाहिजे.

संगणकाच्या पेटीत जो भाग हिशेब करतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. तो सिलिकॉनच्या एका लहानशा चकतीवर कोरलेला असतो. ही चकती बहुधा तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी असते. तीवर ट्रान्झिस्टर नावाच्या अतिसूक्ष्म कळा असतात. १९७१ साली इंटेल कंपनीने काढलेल्या ४००४ ह्या प्रोसेसरवर अशा सुमारे २,३०० कळा होत्या; आजच्या प्रोसेसरवर त्यांची संख्या कित्येक अब्जांच्या घरात गेली आहे. ह्या कळा सेकंदाला अब्जावधी वेळा उघडतात व मिटतात. प्रत्येक उघडझापीला किंचित वीज खर्च होते. आणि खर्च झालेली ती वीज नाहीशी न होता उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. साध्या संगणकाचा प्रोसेसर भरपूर काम करू लागला, की सुमारे ६५ वॅट वीज घेतो. मोठ्या कामाचे प्रोसेसर ह्याच्या दुपटीहूनही अधिक घेतात. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा विजेचा दिवा पेटल्यावर किती तापत असे, ते घरातील वडील माणसांना विचारा. हात लावण्याची सोय नसे! तेवढी उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडली, तर काय होईल, ह्याची कल्पना करा.

उष्णतेची ही अडचण काही आजची नव्हे. १९४६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘एनियाक’ नावाचा प्रचंड संगणक लोकांपुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्याला सुमारे दीडशे किलोवॅट वीज लागे. ती सारी उष्णता बाहेर घालविण्यासाठी मोठमोठे वारा-पंखे बसवावे लागले होते. आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली काम करू लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. नलिका गेल्या, ट्रान्झिस्टर आले. खोलीएवढा संगणक मेजावर मावू लागला. परंतु उष्णतेने काही त्याची पाठ सोडली नाही.

प्रोसेसर फार तापला, तर तो जळून जाईल. म्हणून त्याच्या आतच एक तापमापक बसविलेला असतो. उष्णता मर्यादेपर्यंत पोहोचली, म्हणजे साधारणपणे शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, की प्रोसेसर स्वतःचे काम हळू करतो. उन्हात चालून दमलेला वाटसरू जसा पावले मंद टाकतो, तसेच हे. एवढ्यानेही भागले नाही, तर जीव वाचविण्यासाठी यंत्र स्वतःला बंद करून घेते. आमचा संगणक दुपारी प्रथम मंद का होई आणि मग बंद का पडे, ह्याचा उलगडा आता तुम्हांस झाला असेल. तो बिघडला नव्हता. तो आपले रक्षण करीत होता.

मग ही उष्णता काढून कशी न्यावयाची? त्यासाठी प्रोसेसरच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा एक ठोकळा बसवितात. त्याला पातळ पातळ पत्र्यांच्या पुष्कळ पाती असतात. कारागीर त्याला हीटसिंक म्हणतात. गरम चहा कपातून बशीत ओतला, की लवकर निवतो. कारण त्याला हवा लागण्याची जागा वाढते. पात्यांचे कामही तेच आहे. नखाएवढ्या जागेतील उष्णता त्या अनेक पात्यांवर पसरतात, म्हणजे हवेला ती उचलून नेण्यास पुष्कळ जागा मिळते. प्रोसेसर आणि ठोकळा ह्यांच्यामध्ये एक मऊ लेपही लावतात. दोन्ही पृष्ठभाग वरून गुळगुळीत दिसले, तरी त्यांत बारीक खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. थांबलेली हवा उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते. म्हणून त्या खाचा लेपाने भरून काढाव्या लागतात.

थांबलेली हवा उष्णतेला अडविते. परंतु वाहणारी हवा मात्र ती उचलून नेते. हा फरक ध्यानात ठेवा. पात्यांना लागून असलेली हवा तापली आणि तेथेच रेंगाळली, तर तिचा पुढे काही उपयोग नाही. ती बाजूला सरून तिच्या जागी थंड हवा आली पाहिजे. ह्याचा एक लहानसा हिशेब करून पाहू. एक लिटर हवेचे वजन जेमतेम सव्वा ग्रॅम भरते. तेव्हा ती फार उष्णता उचलू शकत नाही, हे उघड आहे. ६५ वॅट उष्णता नेताना हवा दहा अंशांहून अधिक तापू नये असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे साडेपाच लिटर हवा पात्यांमधून गेली पाहिजे. म्हणजे तीन सेकंदांत एक मोठी घागर भरेल इतकी हवा झाली! ती आपण होऊन एवढ्या वेगाने येणार नाही. म्हणून पंखा लावावा लागतो.

आता खरा प्रश्न येतो. पंखा लावावयाचा खरा. परंतु त्याचे तोंड कोणत्या बाजूस करावयाचे? त्याने पात्यांवर हवा फेकावी, की पात्यांतून हवा ओढून घ्यावी? दोन्ही रीतींनी हवा तर वाहणारच. मग फरक तो काय पडणार, असे तुम्ही म्हणाल. ह्याचे उत्तर तुमच्या तळहातातच आहे. तळहात तोंडापासून वीतभर दूर धरा आणि जोराने फुंकर घाला. हाताला वारा लागेल. आता हात तेथेच ठेवून तितक्याच जोराने श्वास आत ओढा. हाताला काहीही जाणवणार नाही. असे का व्हावे? बाहेर फेकलेली हवा धारेसारखी एका दिशेने सरळ जाते. आत ओढलेली हवा मात्र समोरून, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, जेथून सुलभ असेल तेथून येते. म्हणूनच चूल फुंकणारी माउली फुंकणीतून फुंकर घालते; फुंकणीतून श्वास ओढून कोणी निखारा फुलवीत नाही.

हाच न्याय पंख्यालाही लागू पडतो. ठोकळ्याच्या वर आडवा बसविलेला पंखा खाली हवा फेकू लागला, की तिची धार पात्यांच्या मुळापर्यंत पोहोचते. ठोकळा सर्वांत जास्त तापतो तो मुळाशीच, कारण त्याखाली प्रोसेसर असतो. शिवाय तीच हवा खाली आपटून चारी दिशांना पसरते आणि शेजारच्या लहान भागांनाही वारा घालते. ह्याच्या उलट तो पंखा हवा वर ओढू लागला, तर त्याला पात्यांच्या वरच्या टोकांजवळून, बाजूच्या मोकळ्या फटींतूनच हवा सहज मिळते. मुळापर्यंत जाण्याचे तिला कारण उरत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की ओढणाऱ्या पंख्यातून तापलेली हवा जाते व तिने त्याचा आस लवकर झिजतो. ह्यास्तव प्रोसेसरवरचा पंखा बहुधा पात्यांवर हवा फेकील, असाच बसवितात.

तथापि हा काही न मोडणारा नियम नव्हे. काही ठोकळे मनोऱ्यासारखे उभे असतात आणि पंखा त्यांच्या एका अंगास असतो. अशा ठिकाणी पात्यांच्या बाजू झाकलेल्या असतील, तर हवेला बोगद्यातून जावे तसे सरळच जावे लागते. मग पंख्याने अलीकडून ढकलले काय किंवा पलीकडून ओढले काय, फारसा फरक पडत नाही. तेथे पाहावयाचे ते निराळेच असते. ते म्हणजे, मनोऱ्यातून निघालेली गरम हवा पुढे कोठे जाणार? ती पेटीबाहेर जाण्याच्या वाटेवर असेल, तर उत्तम. ती पेटीतच घोटाळत राहणार असेल, तर पंखा कितीही जोरात फिरो, तीच तापलेली हवा पुनःपुन्हा पात्यांवर येईल. घागर भरावयाची आणि त्याच विहिरीत ओतावयाची, असला हा उद्योग होईल!

म्हणून केवळ प्रोसेसरवरच्या पंख्याचा विचार करून चालत नाही. साऱ्या पेटीचा विचार करावा लागतो. जुन्या घरांची बांधणी आठवा. खाली दाराखिडक्यांतून गार हवा आत येई आणि वर धुराड्यातून धूर व गरम हवा निघून जाई. चांगल्या पेटीची रचनाही अशीच असते. समोरून, खालच्या अंगाने, पंखा थंड हवा आत घेतो. ती हवा प्रोसेसरवरून पुढे जाते. आणि मागच्या बाजूचा, वरच्या अंगाचा पंखा तापलेली हवा बाहेर टाकतो. गरम हवा हलकी होऊन वर जाते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. हा तिचा ओढा पंख्याच्या मानाने पुष्कळ दुबळा असतो, हे खरे. परंतु वाऱ्याची वाट आखताना निसर्गाची बाजू घेतली, तर त्यात तोटा काहीच नाही.

पंख्याची हवा कोणत्या बाजूने बाहेर पडते, हे ओळखणे फारसे कठीण नाही. पंख्याच्या एका बाजूस फिरणारी पाती उघडी दिसतात. दुसऱ्या बाजूस मधल्या मोटारीला धरून ठेवणाऱ्या तीन-चार काड्या असतात. बहुतेक पंख्यांत हवा उघड्या बाजूने आत शिरते आणि काड्यांच्या बाजूने बाहेर पडते. पुष्कळ पंख्यांच्या चौकटीवर दोन बाणही कोरलेले असतात. एक पाती कोणत्या दिशेने फिरतात ते दाखवितो आणि दुसरा वारा कोणत्या दिशेने जातो ते. आणि काहीच उमगले नाही, तर आमच्या विद्यार्थ्याप्रमाणे कागदाची पट्टी धरावी. पट्टी कधी खोटे बोलत नाही.

आत हवा घेणारे आणि बाहेर टाकणारे पंखे ह्यांचा तोलही पाहावा लागतो. बाहेर टाकणारे प्रबळ असतील, तर पेटीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी पेटीच्या प्रत्येक फटीतून हवा आत शिरू लागते. तिच्याबरोबर धूळही येते. उलट, आत घेणारे थोडे प्रबळ असतील, तर फटींतून हवा बाहेर पडत राहते. धुळीला आत यावयास समोरचे एकच दार उरते आणि तेथे जाळीची गाळणी बसविली, म्हणजे काम भागते. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याची धूळ आणि वर्गातील खडूची भुकटी काही कमी नसते. पात्यांमध्ये धूळ दाटली, की वाऱ्याची वाटच बुजते. तेव्हा हा तोल सांभाळलेला बरा.

वाऱ्याची दिशा ठरविताना थोरामोठ्या अभियंत्यांनाही आपले मत बदलावे लागले आहे. १९९५ साली इंटेल कंपनीने संगणकाच्या अंतर्भागाच्या मांडणीचा ‘एटीएक्स’ नावाचा एक आराखडा प्रसिद्ध केला. संगणकाला योग्य दाबाची वीज पुरविणारा एक डबा पेटीत असतो. आपल्याकडील कारागीर त्याला एसएमपीएस म्हणतात. त्या डब्याच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढावी आणि ती प्रोसेसरवर सोडावी, अशी योजना मूळ आराखड्यात होती. एकाच पंख्यात दोन कामे होतील, हा त्यामागचा विचार होता आणि तो वाईट नव्हता. परंतु ती हवा प्रोसेसरपाशी पोहोचण्यापूर्वीच डब्याच्या उष्णतेने तापलेली असे. प्रोसेसर दिवसेंदिवस अधिक तापू लागले, तेव्हा कोमट वारा त्यांना पुरेना. पुढील आवृत्तीत त्या पंख्याचे तोंड फिरविण्यात आले. डब्यातील हवा त्याने बाहेर टाकावी, असे ठरले आणि प्रोसेसरला थंड हवेसाठी स्वतंत्र पंखा मिळाला. अनुभवाने चूक दिसून आली, की ती मान्य करून दिशा बदलणे, ह्यात कमीपणा नाही. शास्त्राची वाटचाल अशीच होत आली आहे.

आता आमच्या शाळेतील संगणकाकडे परत येऊ. विद्यार्थ्याने विजेची कळ बंद केली, तार काढून घेतली आणि पेटी उघडली. समोरचा पंखा बरोबर होता. तो हवा आत घेत होता. प्रोसेसरवरचा मनोरा आणि त्याचा पंखाही बरोबर होता. तो हवा मागच्या बाजूला ढकलीत होता. मागचा पंखा मात्र उलटा बसविलेला होता. बाहेर टाकावयाचे सोडून तोही हवा आतच ढकलीत होता! प्रोसेसरवरून आलेला गरम वारा आणि मागून येणारा वारा ह्यांची पेटीच्या मधोमध झुंज लागली होती. शिवाय मेज भिंतीला चिकटून होते. वीज पुरविणारा डबा आपली गरम हवा मागे सोडी आणि हा पंखा तीच उचलून पुन्हा आत घेई. सकाळी गारव्यात हे कसेबसे निभावत असे. दुपारी खोलीचे तापमान ३९ अंशांवर गेले, की यंत्र हात टेकी.

“सर, हा पंखा कोणी काढला होता का?” त्याने विचारले.

मी गप्प राहिलो. कारण मार्च महिन्यात धूळ झाडण्यासाठी तो पंखा मीच काढला होता आणि मीच परत बसविला होता. तो फिरतो आहे, एवढे पाहून मी निश्चिंत झालो होतो. पंखा कोणत्याही बाजूने बसविला, तरी फिरताना सारखाच दिसतो; त्याचा आवाजही सारखाच येतो. फिरणे म्हणजेच काम करणे, असे मी समजलो, ही माझी चूक.

चार स्क्रू सोडविले, पंखा फिरवून बसविला, स्क्रू पुन्हा आवळले. मेज भिंतीपासून हातभर पुढे ओढले. सारे मिळून पंधरा मिनिटे लागली. पैसा एकही खर्च झाला नाही. दुरुस्तीपूर्वी दुपारी संगणकाच्या पडद्यावर प्रोसेसरचे तापमान ९५ अंश दिसले होते. आता तीच कामे चालू असताना ते ७९ अंशांवर स्थिरावले. मागच्या जाळीपुढे धरलेली कागदाची पट्टी पताकेसारखी फडफडू लागली. त्या तीन दिवसांत मुलांचे सर्व अर्ज भरून झाले.

परंतु माझे एक काम राहिले होते. सातवीतल्या त्या मुलाला मी बोलावून घेतले आणि साऱ्या वर्गासमोर सांगितले, “तुझे म्हणणे खरे होते. मागे वारा लागत नाही, हे तू आधीच पाहिले होतेस. मी ऐकून घेतले असते, तर एवढा खोळंबा झाला नसता. चूक माझी होती.” तो काही बोलला नाही, लाजून हसला. संगणकाच्या पंख्याची देखरेख त्या दिवसापासून मी त्याच्याकडेच सोपविली.

मुलांनो, एक गोष्ट मात्र विसरू नका. पंखा कितीही चांगला बसविला, तरी तो खोलीतील हवेपेक्षा अधिक थंड हवा कोठून आणणार? विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा प्रोसेसरही हिवाळ्यापेक्षा जवळजवळ तेवढ्याच अंशांनी अधिक तापतो. म्हणून पंख्याची वाट मोकळी ठेवणे, हे तरी आपल्या हाती आहे. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नये. तिच्या जाळीवर कापड पांघरू नये. मांडीवरचा लहान संगणक गादीवर किंवा पांघरुणावर ठेवून काम करू नये, कारण पुष्कळांना हवा खालूनच मिळते आणि मऊ कापडाने ती वाट बंद होते. पेटी उघडण्याचे काम मात्र वीज तोडल्याशिवाय आणि जाणत्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय करू नका. कागदाची पट्टी धरून पाहावयास कोणाचीच हरकत नाही. ती बाहेरूनच धरावयाची असते.

उद्या शाळेत गेलात, की संगणकाच्या पेटीपाशी क्षणभर थांबा. समोर पट्टी धरा, मागे पट्टी धरा. वारा कोठून येतो आणि कोठे जातो ते पाहा. तुमच्या खोलीतल्या खिडकीपाशी आणि स्वयंपाकघरातील धूर बाहेर टाकणाऱ्या पंख्यापाशीही हाच प्रयोग करून पाहा. आणि पाहताना काही वेगळे दिसले, तर ते मोठ्यांना सांगावयास भिऊ नका. खळ्यावरचा शेतकरी चिमूटभर भुसा उडवून जे जाणतो, ते पंखा बसविताना मला जाणता आले नाही. एका सातवीतल्या मुलाच्या तळहाताला मात्र ते नेमके कळले होते.